दादाच्या टेपवरचा गुलाल

मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण आमच्याकडं दिवसातनं एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडातनं निघते. मला ती आता ऐकवत नाही. माझा थोरला भाऊ जिवंत होता तोवर त्याच्या कॅसेटला मंगळवार पेठेत कुत्रं विचारत नव्हतं. आता तो नाही, तर पुण्या-बेंगळुरूची पोरं म्हणतात, आमचं सगळं रॉक त्या एका कॅसेटवरनं सुरू झालं. झालं असेल बाबांनो. मी काय करू त्याचं? दादाला उठवून सांगू?

वडील लवकर गेले. आईनं शिलाई मशीनवर आम्हा दोघांना वाढवलं. निम्म्या पेठेच्या बायकांची झंपरं तिच्या हातची असायची. दादा पॉलिटेक्निकला गेला आणि तिथल्या होस्टेलच्या पोरांकडं इंग्रजी कॅसेटी ऐकून गिटारच्या नादाला लागला. असला नाद की जेवताना ताटावर बोटं वाजवायचा. आई ओरडायची, ‘अन्न हाय ते, ढोल न्हाय.’ मग त्याला तिघं सोबती मिळाले. ‘माझ्या लेकानं बँड काढलाय’ असं आईनं कौतुकानं गल्लीत सांगितलं, तर आठवड्याच्या आत एक पावणं वरात ठरवायला दारात हजर. ‘घोड्याफुडं वाजवनार, का नुसतं हॉलवर?’ दादा हसून हसून कॉटवर लोळला, आणि आईला मात्र खरंच वाटलं की एखादी वरात घ्यायला काय हरकत आहे.

गाणी तो स्वतः लिहायचा, आणि ती आमच्या गावातलीच असायची. फौंड्रीतनं पाळी संपवून सायकलवर घरी येणारा माणूस, फुटबॉलची मॅच हरल्यावर गल्लीत तोंड लपवून फिरणारी पोरं, ठरलेलं लग्न मोडलेली एक मुलगी. खाली गिटारीचा दणका आणि वर दादाचा आवाज. त्या काळात असलं मराठीत कुणी गात नव्हतं. निदान आमच्यापर्यंत तरी आलं नव्हतं.

रेकॉर्डिंग त्यांनी गल्लीतल्या कुस्तीच्या तालमीत केलं. दुपारी तिथं कुणी नसायचं, आणि दादाचं म्हणणं, तांबड्या मातीचा हौदा आवाज पिऊन टाकतो, घुमू देत नाही. जुन्या सिनेमा स्टुडिओत आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्याकडनं त्यांनी मोठ्या टेपचं मशीन मागून आणलं होतं. टेपचं चाक जेवणाच्या थाळीएवढं. तालमीत बायकांनी जायचं नाही, म्हणून मी बाहेर कट्ट्यावर बसायची. आतनं भिंतीपलीकडचा धडाधडा आवाज तेवढा यायचा, शब्द काही कळायचे नाहीत. आई तर तिकडं फिरकलीच नाही. घरात तो गुणगुणायचा तेवढंच तिनं ऐकलेलं. मोकळ्या गळ्यानं तो घरात कधी गायला नाही, कारण भिंतीला लागून शेजाऱ्यांची आजारी सासू होती.

सगळं पुरं झालं त्या दिवशी त्यानं मशीन उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं, मला कट्ट्यावर बसवलं आणि हेडफोन माझ्या कानावर चढवले. मी पहिल्यापासनं शेवटपर्यंत ऐकलं. माझा भाऊ एवढं गाऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तशी मी ऊन लागतंय म्हणून पदर तोंडावर घेतला. तो विचारतोय, ‘कसं हाय?’ मी म्हटलं, ‘बरं हाय की.’ आमच्या घरात ‘बरं हाय’ म्हणजे डोक्यावर घेऊन नाचणं. तो खूश झाला.

आईला कळलं तशी ती माझ्यावरच खेकसली. ‘देवाच्या आदी ऐकलीस व्हय गं? उष्टी केलीस की.’ तिला दादानं किती विनवलं, एकच गाणं ऐक म्हणून. ऐकेना. आमच्याकडं नवं काहीही आलं की आधी जोतिबाला दाखवायचं, मग आपण वापरायचं. नवी गाडी, नवं जोडपं, गुऱ्हाळातला पहिला गूळ, सगळं आधी डोंगरावर. तिनं शिलाई मशीन घेतलं तेव्हा तेही टांग्यात घालून एस. टी. स्टँडवर आणि तिथनं गाडीच्या टपावर टाकून वर नेलं होतं. ‘चाललं का न्हाय जन्मभर? एकदा तरी दगा दिला?’ ‘आदी देवाला, मग मला,’ ती म्हणाली, आणि विषय संपला.

रविवारी आम्ही तिघं गेलो. टेपचा पत्र्याचा चपटा डबा दादानं टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. वर तोबा गर्दी, सगळीकडं गुलाल-खोबऱ्याची उधळण. दादा नारळ आणायला गेला, मी चपला सांभाळत बसले, आणि आई डबा घेऊन दर्शनाच्या रांगेतनं पुढं गेली. ती परत आली तेव्हा कपाळापासनं कोपरापर्यंत गुलाबी झाली होती, आणि चेहरा असा की लेकाचं लग्न ठरलंय. डबा तिनं परत टॉवेलात व्यवस्थित बांधला होता.

खाली येताना गाडीत तिनं सांगितलं. नुसतं डब्यावर गुलाल टाकून तिला बरं वाटेना. ‘पत्र्याला लावून काय उपेग? आतल्याला लागाय पायजे.’ म्हणून तिनं देवासमोर झाकण उघडलं आणि ओंजळभर गुलाल आत घातला, चांगभलं म्हणून. मी दादाकडं बघितलं. त्याचं तोंड उतरलं, पण आईनं त्याच्याकडं बघितलं तेव्हा तो म्हणाला, ‘बरं केलंस आई.’

घरी आई पाणी तापवायला गेली आणि आम्ही तालमीकडं पळालो. टेपच्या वेटोळ्या-वेटोळ्यात गुलाल बसला होता. दादानं फुंकलं, मऊ फडक्यानं पुसलं, कापसावर स्पिरीट घेऊन पुसलं. जितकं पुसावं तितकं ते आत पसरत गेलं, आणि मशीनवर चढवलं की फिरताना आणखी रगडलं गेलं. गाणी होती, पण गोधडीखालनं आल्यासारखी. वर सतत खरखर, चरचर, आणि मधेच आवाज दमल्यासारखा ओढला जायचा. दादाचा गळा तर पार बसल्यागत वाटत होता. दुसरी प्रत काढलेली नव्हती, ती काढायच्या आधी देवाला जायचं होतं ना. गिटारवाला नोकरीसाठी बेंगळुरूला निघून गेला होता. मशीन दुसऱ्या दिवशी परत द्यायचं होतं.

मी तिथंच भडकले. म्हटलं, ‘चल, आत्ता सांगायचं आईला. काय केलंस बघ म्हनायचं.’ दादानं माझा हात धरला. असा कधी धरला नव्हता. ‘सांगून टेप धुऊन निघनार हाय व्हय?’ म्हणाला. ‘तिनं जन्मात देवाकडं स्वतःसाठी कधी काय मागितलं न्हाय. हे मागितलं, तेबी माझ्यासाठी. तिला कळलं तर ती परत देवाफुडं हात जोडायची न्हाय. कधीच सांगायचं न्हाय. माझी शपथ.’ मी शपथ घेतली. चिडून घेतली, पण घेतली.

कॅसेटी त्याच टेपवरनं निघाल्या. पहिली घरी आली तेव्हा आईनं हळदकुंकू वाहून ती टेपरेकॉर्डरमध्ये घातली, पदर डोक्यावर घेऊन समोर बसली, आणि दोन गाणी झाल्यावर दादाला म्हणाली, ‘आवाज बसलाय की रं तुजा. सर्दी झालती?’

‘व्हय आई,’ दादा म्हणाला. ‘जराशी.’

कॅसेट कुणी विकत घेतली नाही. ज्या मित्रांनी फुकट नेल्या त्यांनीसुद्धा परत विषय काढला नाही. दुकानदारांनी हसून घेतलं, गवयाला खोकल्याचं औषध पाजा म्हणून. शेवटी एका दुकानदारानं उरलेल्या कॅसेटींवर लग्नातली गाणी भरून त्या विकल्या. दादानं स्वतः एका मांडवात आपलीच कॅसेट ओळखली, वरचा कागद तसाच होता. घरी येऊन तो हे हसत सांगत होता आणि आई गंभीर होऊन ऐकत होती. त्या रात्रीच्या जेवणात तिनं त्याला जवळ बसवलं आणि अगदी मायेनं म्हणाली, ‘बाळा, तुजा गळा न्हाय रं. सगळ्यास्नी देव गळा देत न्हाय. त्यात काय कमीपना न्हाय. एखादं दुकान बघ.’

मी भाकरी तशीच टाकून उठले. दादानं मला डोळ्यांनी दटावलं आणि म्हणाला, ‘खरं हाय तुजं आई.’

त्यानं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. लग्न त्यानं केलं नाही. आई पुढं वर्षानुवर्षं पावण्या-रावळ्यांना कौतुकानं सांगायची, ‘आमचा दादा शाना. गळा न्हाय कळल्यावर सोडून दिलं बघा. लोकं जन्म घालवत्यात.’ दादा तिथंच बसलेला असायचा. गणपतीच्या आरतीलाही तो तोंड उघडायचा नाही, नुसत्या टाळ्या. मला त्याचा राग यायचा आणि आईचाही यायचा, आणि दोघांतलं कुणीच रागावण्याजोगं नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? मी सासरी कसबा बावड्यात येऊन भांड्यांवर राग काढायची.

एके दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता तो खाली बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आईला मी बावड्याला माझ्याकडं आणलं. येताना तिनं तीन वस्तू घेतल्या, शिलाई मशीन, देव आणि तो टेपचा डबा. डबा तिनं देव्हाऱ्यात देवांशेजारी ठेवला. रोज त्यावर फूल वाहायची. उघडला मात्र कधी नाही. दादाचं आहे, त्याच्या माघारी कशाला उघडायचं, म्हणायची. त्या काळात मी कामं उरकली की कॅसेट लावून ऐकत बसायची. दुसरं काय होतं त्याच्या आवाजाचं आमच्याजवळ?

मग माझी लेक एकदा कॉलेजातनं आली ती मोबाईल नाचवत. ‘आई, मामाचं नाव घेत्यात हितं.’ पुण्यात जुन्या बाजारात कुणाला तरी ती कॅसेट मिळाली होती, त्यानं ती इंटरनेटवर टाकली, आणि नव्या पोरांनी ती उचलून धरली. लेकीनं त्यांतल्या एका बँडचं गाणं मला ऐकवलं. पहिल्याच सेकंदाला मला ती खरखर ओळखू आली. तीच चरचर, तोच गोधडीखालचा आवाज, तेच मधे ओढणं. मी म्हटलं, ‘ह्यांच्या टेपला काय झालं?’ ती म्हणाली, ‘टेप नसतीच आता. मुद्दाम करत्यात, कॉम्प्युटरवर. मामासारखं वाटावं म्हणून.’ मला काय झालं कुणास ठाऊक, मी मोबाईल तिच्या हातातनं हिसकावून सोफ्यावर फेकला. माझ्या भावाचा इस्कोट झाला, आणि ह्यांनी त्याची फॅशन केली.

पण पोरं वाईट नव्हती. त्या बँडमधली दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, भेटायला यायचं म्हणाली. मूळ टेप असेल तर बघायची होती, जपून ठेवायची होती. आईला सांगितलं तर ती हरखली. ‘एवढ्या लांबनं त्याच्यासाठी येत्यात?’ ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळपासनं तयार. मी त्या दोघांना फाटकातच गाठलं. म्हटलं, ‘हे बघा, गाण्यांबद्दल काय बोलायचं ते बोला. खरखरीबद्दल आईसमोर एक अक्षर काढायचं न्हाय.’ त्यांना काही कळलं नाही, पण दोघांनी माना डोलावल्या.

आणि त्यांनी शब्द पाळला, हे मला सांगितलं पाहिजे. चहा-खारी झाली. गाणी त्यांना तोंडपाठ होती. फौंड्रीवाल्या माणसाचं गाणं ऐकून आपण पहिलं गाणं मराठीत लिहिलं, असं मुलीनं सांगितलं. आई एकेक शब्द पिऊन घेत होती. मग तिनंच विचारलं, जरा लाजत, ‘पर गळा बसलावता न्हवं त्याचा?’ मुलानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘आम्हाला आवडतो आजी.’ आई एवढी खूश झाली की कुणी काही म्हणायच्या आत उठली, देव्हाऱ्यातनं डबा घेऊन आली, त्यावरचं फूल काढून देवाला वाहिलं, आणि डोंगरावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच झाकण उघडलं.

टेप आतनं बाहेरपर्यंत गुलाबी होती.

मुलगा गुडघ्यावर बसला. तो सगळं विसरला, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही विसरले असते. ‘गुलाल,’ तो मुलीला म्हणाला, ‘अगं, गुलाल आहे हा. म्हणजे तो आवाज... आम्ही किती वर्षं डोकं फोडतोय, ही खरखर आणली कशी असेल यांनी!’

‘कसली खरखर?’ आई म्हणाली.

मुलीनं सावरायचा प्रयत्न केला. जुन्या टेपांना तसं होतंच, वगैरे. पण आईनं जन्म मशीनवर काढलाय. धागा, तेल, चाक, त्यात कस्पट गेलं की टाका कसा सुटतो, हे तिला कुणी शिकवायचं? तिनं टेपवर बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं.

‘त्याला ठाऊक हुतं?’

मी चहाचे कप गोळा करायला लागले.

‘आगं, इचारतोय मी. ठाऊक हुतं त्याला?’

‘व्हय आई.’

‘कवापास्नं?’

‘त्याच दिवसापास्नं.’

तिनं बोट पदराला पुसलं. मग सावकाश म्हणाली, ‘म्हंजे सर्दी झालतीच न्हाय.’ आणि पुन्हा, ‘गळा हुता म्हन की त्याला.’ मुलगी रडायला लागली. ती उठून आईच्या पायाशी बसली आणि म्हणाली, ‘आजी, तुम्ही तो गुलाल टाकला नसता तर आम्ही कुणीच असं वाजवलं नसतं. आम्हाला सगळ्यांना त्या आवाजानंच वेड लावलं.’ आईनं तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. ‘तुमास्नी आवडली ती खरखर, बाळ,’ ती म्हणाली. ‘त्याला नको हुती.’

मग तिनं मुलाला विचारलं, हे धुऊन निघतं का. खालचा आवाज मिळतो का. पोरगा खरं बोलणारा होता. म्हणाला, थोडंफार कमी करता येतं, पण गुलाल आता टेपच्या लेपात मुरलाय, काढायला गेलं तर लेपच सोलून येईल, आणि आवाज त्या लेपातच असतो. मूळ आवाज आता मिळायचा नाही. आईनं झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला. ‘न्ह्या,’ म्हणाली. ‘माझ्या देवाजवळ नको आता.’ मी थांबवायला गेले, तर तिनं नुसतं बघितलं.

ती दोघं गेल्यावर ती जेवली नाही. देव्हाऱ्यासमोर बसली नाही, तिन्हीसांजेचा दिवाही मीच लावला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. रागावेल, एवढी वर्षं का लपवलंस म्हणेल, असं वाटलं होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तरी मला चाललं असतं. ती रागावली नाही. शपथेचं मी सांगितलं, तर म्हणाली, ‘त्यानं घातली आसंल तर तू काय करनार.’

मग म्हणाली, ‘तू ऐकलीवतीस की. डोंगराला जायच्या आदी. घरातली तू एकटीच हाईस आता, त्याला ऐकलेली. कसा हुता गं त्याचा आवाज?’

‘लई चांगला हुता आई.’

‘कसा चांगला? म्हनून दाव की थोडं. एक ओळ.’

मी डोळे मिटले. ती दुपार मला सगळी दिसत होती, ऊन, कट्टा, उंबऱ्यात उकिडवा बसलेला दादा आणि माझ्या तोंडाकडं बघणारे त्याचे डोळे. गाण्याचे शब्द होते, चाल होती. पण आवाज आठवायला गेले की वर खरखर घेऊनच यायचा, बसका, ओढल्यासारखा, कॅसेटमधला. मी मागं, मागं जाऊन बघितलं. तोच येत होता. तो गेल्यापासनं ती कॅसेट मी इतकी ऐकली होती की तिनं माझ्या कानातला खरा दादा पुसून टाकला होता, आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

आई वाट बघत होती.

‘लई चांगला हुता,’ मी परत म्हणाले.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली आणि म्हणाली, ‘तुलाबी न्हाय आठवत व्हय.’